टिंग वाजली की निर्धास्त

आईच्या बोटांना संधिवात. कॉम्प्युटरच्या दोन कळा एकदम दाबायच्या म्हणजे तिला ब्रह्मांड आठवायचं. लेक प्रोग्रामर. त्याने सोय करून दिली: तिने नुसती एफ-आठ दाबायची, कंट्रोल आणि एस तिच्या वतीने प्रोग्राम दाबणार, मजकूर सेव्ह होणार आणि ‘टिंग’ वाजणार. “टिंग वाजली की निर्धास्त,” तो म्हणाला होता.

आई चाळीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होती. नर्सिंग शाळेने नव्या मुलींसाठी तिच्याकडून पुस्तक मागितलं, तेव्हा म्हातारी काय हरखली! रोज सकाळी चष्मा पुसून लिहायला बसायची. कॉम्प्युटर कधी बंद करायची नाही. पुन्हा सुरू झालाच नाही तर?

मग लेकानेच सिस्टिमचं नवं व्हर्जन टाकलं. त्यात त्याच्या प्रोग्रामने दाबलेल्या कळा, आई ज्यात लिहायची त्या जुन्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचेचनात. टिंग मात्र वाजत राहिली, कारण या शहाण्याने ती कळ दाबण्याला जोडली होती, सेव्ह होण्याला नाही. तपासायला दोन मिनिटं लागली असती. पण स्वतःच्या कामावर केवढा विश्वास! चहा पिऊन ऑफिसला निघून गेला.

दोन महिन्यांनी वीज गेली आणि साठ पानं गेली.

“टिंग तर वाजायची. माझीच मेली बोटं नीट पडली नसतील,” आई म्हणाली.

लेकाने तासाभरात दोष शोधला, गुपचूप दुरुस्तही केला. आणि बोलला काय, तर “होतं असं, आई.” ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका चव्हाट्यावर मांडणारा गडी, घरी तोंडाला कुलूप!

आईने शाळेला फोन केला. “माझ्या हातांचा भरवसा नाही, दुसरं कुणी बघा.” शाळेने दुसऱ्या बाईंना काम दिलं. त्यानंतर आई भाजी चिरायलाही सुनेला हाक मारू लागली. भरलेला कपसुद्धा उचलेना.

ते बघून लेकाचा जीव तुटायला लागला. एका रविवारी तिच्यासमोर बसून त्याने सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी ठेवूनच बसला होता.

आईने दोन्ही हात पुढे धरून पाहिले. चेहरा उजळला. “म्हणजे माझी बोटं बरोबर पडत होती?”

“हो. दर वेळी.”

“अगंबाई!” ती हसली. मग थबकली. “आणि तुला हे कधी कळलं?”

“त्याच दिवशी.”

“मग त्याच दिवशी सांगायचं होतंस,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला बसले असते रे मी. तेव्हा पुस्तक माझं होतं.”