काकींचा आड

“तू सांग.”

“मी न्हाय सांगणार बा. समितीत नाव तुझं हाय, तूच सांग.”

“वा रे वा! नाव घातलं तवा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आता एकटा म्हांतेश व्हय?”

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाला माझं, म्हणजे या म्हांतेशचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. तिथे हा तमाशा आठवडाभर चालला होता. समोर हंबीरराव. एकेकाळचा पैलवान, सत्तरीतही दारातून आत येताना जरा तिरकं व्हावं लागणारा गडी. आणि विषय एकच. विजयमालाकाकींच्या आडाचं पाणी आता पिण्याजोगं राहिलेलं नाही, हे त्यांना सांगायचं कुणी?

आमच्या भागात नवी आरोग्य समिती झाली होती. सांडपाणी कुठून वाहतं, कुठे मुरतं यावर नजर ठेवायची आणि आजार येण्याआधी आराखडा करायचा, हे तिचं काम. पहिल्याच फेरीत सगळ्या विहिरी-आडांचं पाणी तपासलं. गल्लीखालची जुनी ड्रेनेज लाइन कुठेतरी फुटली होती आणि ती घाण काकींच्या आडात झिरपत होती. समितीच्या डॉक्टर राजनंदिनी मला म्हणाल्या, “तुम्ही शेजारचे. नीट समजावून सांगा त्यांना.” मी मान डोलावली आणि घरी येऊन गप्प बसलो.

नीट म्हणजे कसं, ते कुणी तरी सांगावं! दोन हजार एकोणीसच्या पुरात शहराला पाणी देणारे पंप बुडाले आणि नळ कोरडे पडले. टँकर दिसला की माणसं जिवाच्या आकांतानं धावायची. तेव्हा काकींनी घराचं दार उघडलं, ते नळाला पाणी येईपर्यंत लावलंच नाही. काकी जैन. गाळल्याशिवाय पाणी तोंडाला लावायच्या नाहीत आणि आम्हालाही लावू द्यायच्या नाहीत. प्रत्येकाच्या घागरीवर दुहेरी सुती कापड धरायच्या. गाळून झालं की त्या कापडावर पाणी ओतून, त्यात अडकलेले बारीक जीव हलकेच परत आडात सोडायच्या. सबंध गल्लीसाठी हे करताना त्यांची मनगटं सुजली होती. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिनं शेवटचा घोट घेतला तो त्याच आडाचा. हे उपकार मी या जन्मात तरी विसरणार नाही.

मग गल्लीनं अक्कल काय काढली, तर काकींना सांगायचंच नाही. पुरापासून प्यायचं पाणी काकींकडूनच आणायची गल्लीला सवय. बायका रोज पूर्वीसारख्या जायच्या, दोन गोष्टी बोलायच्या, कळशी भरून आणायच्या आणि घरी येऊन संडासात ओतायच्या. माझी बायको पवित्राही त्यातलीच. मी ओरडलो, तर म्हणते कशी, “काकींच्या दारावरनं रिकामी कळशी घेऊन जाऊ व्हय? मी तर भरून आणतो.”

रविवारी तालमीच्या हॉलमध्ये समितीची बैठक भरली. डॉक्टरांनी टेबलावर नकाशा पसरला होता. कुठली लाइन आधी बदलायची, दर महिन्याला कुठल्या चेंबरमधलं पाणी तपासायचं, असं सगळं चाललं होतं. तेवढ्यात काकी आत आल्या. एका हातात पितळी तांब्या, दुसऱ्या हातात पेल्यांचं ताट.

“डॉक्टरीणबाई आल्यात, आणि पाणी विचारलं का कुणी? घ्या. आत्ता गाळून आणलंय.”

पेले वाटले गेले. पिईना कुणी आणि खाली ठेवीना कुणी. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मी पंख्याकडे.

“आणा वैनी,” म्हणत हंबीररावानं पेला सरळ तोंडाकडे नेला. खरंच पिणार होता तो येडा.

“हंबीरराव, पिऊ नका!” मी किंचाळलो.

“का रं?” काकी म्हणाल्या.

मग सांगितलं. सगळं, एका दमात. काकी उभ्याच होत्या.

“कवापासनं ठावं हाय?”

“आठ दिस झालं.”

“आणि रोज भरून न्हेत हुता की समदी!”

“ओतत हुतो, काकी.”

“एकबी पोरगं प्यालं न्हाय, खात्री हाय तुझी?” मी पुन्हा पंख्याकडे बघायला लागलो. “आरं, पाण्यातला किडा मरू ने म्हणून गाळतोय मी. आणि मला वाईट वाटंल म्हणून तुमी पोरांच्या जिवाशी खेळता? वाटलं असतं वाईट. रडलो असतो एक दिस. मग काय?” त्या डॉक्टरांकडे वळल्या. “बाई, उद्याच झाकण घाला. माझी ना न्हाय.”

डॉक्टर उठून त्यांच्याजवळ गेल्या. हळूच विचारलं, “काकी, तुम्ही स्वतः कुठलं पाणी पिता?”

“ह्याच आडाचं की.”

त्यांचं मन राखता राखता आम्ही आठ दिवस त्यांनाच ते पाणी पिऊ दिलं होतं. हंबीरराव पेला खाली ठेवून रडायला लागला.

डॉक्टरांनी लगोलग काकींच्या सगळ्या तपासण्या करवल्या. काही निघालं नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी देवासमोर नुसता हात जोडून उभा राहिलो, काही न मागता.

आडावर लोखंडी झाकण बसलं. काकींनी त्यावर एक फूल ठेवलं आणि गाळायचं कापड धुऊन खुंटीला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं, तेव्हा त्यांच्या दारात हंबीरराव उभा. खांद्यावर तांब्याची घागर. त्याच्या मागे पवित्रा, तिच्या मागे गल्लीतल्या आणखी बायका, सगळ्यांच्या कळश्या भरलेल्या.

“वैनी, नळाचं हाय. पण दुहेरी कापडातनं गाळून आणलंय. सगळ्यांनीच.”

काकी घागरीत डोकावल्या.

“आणि कापड कुठं झटकलंसा, भावजी?”

हंबीरराव गडबडला. मग त्यानं दुसरा हात पुढे केला. त्या रुंद तळहातावर ओलं कापड होतं, घडी न मोडता सांभाळून आणलेलं.

“नळात माघारी कसं सोडायचं, ते कळंना मला. म्हणून तसंच आणलंय.”

काकींनी ते कापड दोन्ही हातांनी घेतलं.

“आत या,” त्या म्हणाल्या.