सरस्वतीबाईंचं कुलूप

“पुन्याची सरस्वतीबाई ‘अय्य शिवने’ म्हनती व्हय गं?”

थोरले दीर गुरुबसप्पा यांनी शहात्तर सालचा दिवाळी अंक चुलीपाशी आपटला. दाक्षायणीच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. चूक तिच्या आत्ता ध्यानात आली.

तिची ही पहिलीच छापलेली गोष्ट. गोष्टीतल्या खाष्ट सासूचं इरकली लुगडं काढून तिनं तिला पुणेरी नऊवारी नेसवली, नाव बदलून सरस्वतीबाई केलं, अंगणात तुळशीवृंदावनसुद्धा दिलं. एवढं सोंग सजवलं आणि तोंडात मात्र घरचाच कानडी उद्गार राहिला. तिच्या सासूबाईंचं, शरणम्मांचं, ‘अय्य शिवने’ सगळ्या गल्लीला पाठ होतं. दूध उतू गेलं तरी तेच, बोट चेमटलं तरी तेच.

गुरुबसप्पांना हे सात रस्ता चौकातल्या सलूनमध्ये कळलं. न्हाव्यानं अर्धी दाढी तशीच ठेवून मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

“सासू शेंगाचटणीच्या फडताळाला कुलूप लावती म्हनं! लोक हसायलेत की. संपादकाला कळव, हे समदं खोटं हाय म्हनून. आन् हितनं पुढं लिहायचं बंद.”

“खोटं नाही ते, भावजी,” दाक्षायणी म्हणाली. “आणि लिहिणं मी बंद करणार नाही.”

बोलून झाल्यावर तिनं ती वाकडी भाकरी उलटली. शाळेत वर्गभर पोरांना नजरेनं गप्प करणारी ही बाई घरात बोटभर चटणी मागायला धजत नसे. मागता आली असती तर गोष्ट लिहिली कशाला असती? तिचा नवरा मडिवाळप्पा अशा वेळी नेहमी करायचा तेच करत होता. दाराशी चपला शोधत होता.

“मग अव्वापुढंच वाच,” गुरुबसप्पा म्हणाले. “होऊन जाऊ दे.”

अव्वा, म्हणजे शरणम्मा, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. बोलण्यातलं मराठी त्यांना यायचं, पुस्तकातलं डोक्यावरून जायचं. दाक्षायणी एकेक वाक्य वाची आणि कन्नडमध्ये सांगे. फडताळाची जागा आली. कन्नडमध्ये सांगताना कुलपाची नुसती कडी केली असती तर भावजीही गप्प बसले असते. घराची अब्रू त्यांनाच जास्त प्यारी. पण तिनं कुलपाला कुलूपच म्हटलं. पाण्याच्या घोटाबरोबर कोरडी भाकरी गिळणारी सूनही सांगितली. मध्ये कुठं थांबली नाही.

शरणम्मांचा हात शेंगांवर थबकला.

“अय्य शिवने,” त्या म्हणाल्या. कुणीच हसलं नाही.

“ही तर मीच की. मग नाव दुसरीचं का घातलीस? माझी लाज वाटली?”

“भीती वाटली, अव्वा.”

शरणम्मांनी टरफलं बाजूला लोटली. “माझी सासू चटणीवर पंजा दाबून खूण ठेवायची. कुनी चिमूट घेतली तर कळावं म्हनून. मी कोरडीच खाल्ली. कुनी लिहिलं न्हाय ते. मला कुटं अक्षर येतंय?”

“अव्वा, गावात शोभा झालीया!” गुरुबसप्पा ओरडले.

“कुलूप मी लावलं, तू का लाजायलास? लिहू दे तिला.” मग सुनेकडं वळून म्हणाल्या, “ती खूणबी लिही. आन् आता नाव माझंच घाल. पुन्याच्या बाईला काय कळतंय शेंगाचटणीतलं!”

संध्याकाळी शरणम्मांनी फडताळ उघडलं, नेहमीएवढीच चटणी वाढली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. दाक्षायणीला रागही आला आणि हसूही. जेवण उरकून ती नवी गोष्ट लिहायला कागद घेऊन बसली.

“माझं नाव कंचं?” शरणम्मांनी वाकून विचारलं.

तिनं दाखवलं. म्हातारीनं एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. बोटाला चटणीचं तेल होतं. नावावर तांबूस डाग उठला.

“अय्य शिवने! खराब झालं की.”

“राहू द्या, अव्वा,” दाक्षायणी म्हणाली, आणि गोष्ट पुरी झाल्यावर तो कागद तिनं तसाच संपादकाकडे धाडला.