लडाखपाशी थांबलेली रेघ

परदेशात काही बिनसलं की अकोल्याच्या वाचनालयातले लोक कुंदा वऱ्हाडपांडेला बोलवायचे. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, आणि एम.ए. राज्यशास्त्रात केलेलं. सुएझचा कालवा बंद पडला तेव्हा ती बोलली, काँगोवर बोलली. भारतानं कुठल्याच गटात का जाऊ नये, हे तर तिनं इतक्यांदा समजावलं होतं की पुढच्या रांगेतले म्हातारे तिच्याआधी वाक्य पूर्ण करायचे. चीनशी कुरबुर होईल पण युद्ध होणार नाही, असं तिनं बासष्टच्या उन्हाळ्यात छातीठोकपणे सांगितलं होतं.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर युद्ध झालं.

वाचनालयाचा माणूस सुट्टीतच घरी आला. ‘चीन आणि आपण’ असा विषय त्यानं स्वतःच ठरवून आणला होता. कुंदानं नाही म्हणायला हवं होतं. पण उन्हाळ्यातलं भाकीत चुकलं होतं, ते लोकांसमोर कबूल करावं असं तिला वाटलं, आणि ती हो म्हणाली. सभा मोठी होणार म्हणून तिनं शाळेतला भिंतीवरचा नकाशा मागवून घेतला. इंग्रजांच्या काळातला, कापडावर चिकटवलेला, अंथरायच्या सतरंजीएवढा.

सभेला पाय ठेवायला जागा नव्हती. कुंदानं आधी आपली चूक सांगितली. मग पूर्वेची सीमा दाखवली, कोणत्या करारानं ठरली ते सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते. तेवढ्यात सरकी-ढेपेचे व्यापारी खुशालराव उठून उभे राहिले.

“बाई, इकडची रेघ दिसली. पण वरतं लडाखात रेघच नाई. ते काहून?”

कुंदानं वळून पाहिलं. इतकी वर्षं तिनं हा नकाशा वर्गात लावला होता. लडाखच्या कोपऱ्यात नुसता पिवळा रंग पसरून विरत गेलेला होता, आणि बारीक इंग्रजी अक्षरांत ‘सीमा अनिश्चित’ अशा अर्थाचं काही छापलेलं होतं.

“हा जुना नकाशा आहे,” ती म्हणाली. “नव्या नकाशात तिथं रेघ आहे.”

“मंग नवी काढली कवा? आन् काढतानी चीनले इचारलं होतं का?” खुशालरावांच्या आवाजात खोच नव्हती. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

कुंदानं दोन्ही सरकारांची म्हणणी वाचलेली होती. एक वाचलं की ते पटायचं, दुसरं वाचलं की पहिल्यातल्या शंका वर यायच्या. शेवटी आपलंच म्हणणं खरं असणार, असं धरून ती पुस्तक मिटायची. आता शेकडो लोक तिच्याकडे पाहत होते.

“मला ठाऊक नाही,” ती म्हणाली.

“ठाऊक नाई त भाषण कायले देऊन राहिल्या?” मागून कोणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, “बाई चीनची बाजू घेऊन राहिल्या!” मग कोण काय बोलत होतं ते कळेना. खुशालराव हात वर करून “तसं नोय, तसं नोय” म्हणत राहिले, पण त्यांचं कोणी ऐकलं नाही. वाचनालयाच्या लोकांनी घाईनं राष्ट्रगीत सुरू केलं.

घरी तिचे वडील, हरिहर वकील, पानाचं तबक समोर घेऊन बसले होते. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

“बाबा, मी चुकीचं बोलले का?”

“कोर्टात साक्षीदार असं बोलला तर मी त्याला शाबासकी देतो,” ते म्हणाले. “फक्त तो समोरच्या पक्षाचा असला तर.”

“मी कोणाचा पक्ष घेतला, तेच मला समजत नाही.”

“शेताच्या धुऱ्याचे, बांधाच्या हद्दीचे खटले आयुष्यभर चालवले मी. नकाशे दोघांकडेही असायचे. मी माझ्या अशिलाचा खरा मानला.”

“आणि खरा कोणता असायचा?”

हरिहररावांनी सुपारी कातरायला घेतली.

शाळा उघडायच्या आधी भगवंतराव आले. ते नगरपालिकेचे सभासद आणि शाळा समितीचे अध्यक्ष. मुख्याध्यापिका रमाबाईंच्या खोलीत कुंदाला बोलावणं आलं. भगवंतराव रागावलेले नव्हते, उलट थोडे कानकोंडे झाले होते.

“बाई, मले ठाव हाय, तुमच्या मनात काई नाई. पण लोकं इचारतात, आपल्या शाळेत असा नकाशा काहून? तो दुरुस्त करा. पेंटरले बोलावलं हाय मी.”

“नवीन नकाशा मागवू या ना,” कुंदा म्हणाली.

“तो येईपर्यंत लढाई संपन,” भगवंतराव म्हणाले.

पेंटर म्हणजे ताहेर. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, अक्षर मोत्यासारखं. नकाशा वर्गात भिंतीला टांगला होता. ताहेरनं डब्यात लाल रंग कालवला, बाकावर चढला, आणि ब्रश हातात धरून तसाच उभा राहिला.

“कुठून कुठं काढायची बाई?”

कुंदानं शाळेचा नवा ॲटलस उघडून दाखवला. त्यात सगळं लडाख तळहाताएवढं होतं. भिंतीवरच्या कोपऱ्यात तेच हातभर पसरलं होतं. ताहेरनं दोन्हीकडे पाहिलं आणि तो बाकावरून खाली उतरला.

“मले नका सांगू हे काम,” तो हळूच म्हणाला. “पाटी चुकली त पुसून देतो मी. हे चुकलं अन् उद्या कोनं म्हनलं, ताहेरनं मुलूख देऊन टाकला, त मी कोनाले जवाब देऊ? रंग घ्या माझा, पैसे नका देऊ.”

रमाबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. कुंदानं ब्रश घेतला, पदर खोचला आणि ती बाकावर चढली.

“पुस्तकाप्रमाणे काढा,” रमाबाई म्हणाल्या.

“थोडं वर घ्या,” भगवंतराव म्हणाले. “कंजूसपना नका करू.”

“किती वर?”

“म्हंजे… व्यवस्थित दिसन इतकं.”

ॲटलसमधली रेघ केसाएवढी होती. हातातल्या ब्रशची रेघ करंगळीएवढी येत होती. तिच्या जाडीतच कितीतरी कोस मावत असतील, असं तिच्या मनात आलं. एका बाजूनं धरावी की दुसऱ्या? मधोमध काढली तर निम्मी कोणाची? वर थंडीत कुडकुडणारे जवान तिला आठवले आणि आपण इथं बाकावर उभं राहून हे विचार करतोय याची लाज वाटली. लाज वाटल्यानं हात थोडा वर सरकला. मग हात मुद्दाम सरकला असं वाटून तिनं तो खाली आणला. तिथं रेघेला एक पोक आलं, आणि रंगाचा एक ओघळ तिबेटात उतरला.

“राहू द्या, राहू द्या,” भगवंतराव खुशीत म्हणाले.

कुंदानं तो पदरानं पुसला. डाग पसरला, आणखी मोठा झाला. ताहेरनं टर्पेंटाइनची चिंधी वर दिली.

शाळा सुरू झाली. पूर्वेकडून एकेक ठाणं पडल्याच्या बातम्या येत राहिल्या, मुलींनी लोकरीचे मोजे विणले, हातातल्या अंगठ्या संरक्षण निधीत दिल्या. आणि एके सकाळी चीननं आपण होऊन लढाई थांबवली. जिंकत असताना का थांबवली, माघारी का जातो म्हणतात, माघारी म्हणजे कोणत्या रेघेमागे, याचा पत्ता कुठल्याच वर्तमानपत्रात लागेना. वाचनालयानं यावेळी नागपूरचे प्राध्यापक आणले. कुंदा बायकांच्या बाकावर बसून ऐकत राहिली. ते फार छान बोलले. बाहेर आल्यावर तिला त्यातलं काही सांगता येईना.

खुशालराव चपला घालत होते. तिला पाहून ते थांबले.

“बाई, त्या दिवशी माझ्यामुळं तुमाले तरास झाला.”

“तुमचा प्रश्न बरोबर होता.”

“उत्तर भेटलं का मंग तुमाले?”

“नाही.”

“मलेबी नाई,” ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीनं विचारलं, “बाई, आपण हरलो का जिंकलो?”

सगळा वर्ग मान वर करून पाहू लागला. उन्हाळ्यातली कुंदा असती तर तिनं कारणं सांगितली असती, मुद्दे काढून दिले असते.

“मला अजून कळलेलं नाही,” ती म्हणाली. “कळलं की सांगेन.”

मुलींनी खाली मान घालून ते लिहून घेतलं. लिहू नका, असं तिच्या ओठांवर आलं. पण न लिहायचं कारण तिला सुचलं नाही, आणि ती फळ्याकडे वळून मोसमी वाऱ्यांचा धडा शिकवू लागली.