इस्त्रीवालीचा चेहरा

एका बाईने तळ्याला इस्त्री केली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हसू नका. वाऱ्याने तळ्यावर सारख्या चुण्या पडायच्या, तिला ते बघवेना. तिने इस्त्री तापवली आणि या काठापासून त्या काठापर्यंत अशी फिरवली की तळं एकदम गुळगुळीत. फक्त आतले काही मासे चपटे झाले. ते अजून बाजारात मिळतात, जाऊन बघा.

ही गोष्ट मी पहिल्यांदा माझ्या थोरल्या जाऊबाईंना सांगितली, तेव्हा मी सत्तावीसची होते आणि त्या बत्तीसच्या. घराच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी कापडाच्या बाहुल्या करायचो. अंग माझं, चेहरा त्यांचा. कापणं, शिवणं, कापूस ठासणं, झगे घालणं सगळं मी करायचे. पण चेहऱ्याला बोट लावायची माझी हिंमत नव्हती. त्या सुईत दोरा ओवून खिडकीशी बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, सांग. कोण आहे ही?"

मग मी थाप मारायला सुरुवात करायचे. ऐकता ऐकता त्यांची सुई चालायची. थाप संपली की चेहरा तयार. इस्त्रीवालीची उजवी भुवई त्यांनी अशी वर नेली होती, की तळंसुद्धा घाबरून सपाट होईल.

आमच्या बाहुल्यांत दोन एकसारख्या कधी झाल्या नाहीत. दुकानदार कुरकुरायचे, "अहो, कालच्यासारखीच द्या ना!" जाऊबाई म्हणायच्या, "काल वेगळी बाई आली होती."

काय दिवस होते ते! केसांत कापूस, पदराला टोचलेल्या सुया, स्टोव्हवर विसरलेला चहा. आमचे नवरे दारातून डोकावायचे आणि जेवायला वेळ आहे हे ओळखून परत जायचे.

तीन वर्षांपूर्वी जाऊबाईंची नजर गेली. एकदम नाही. आधी सुईचं नेढं दिसेना, मग दोरा, मग मी. "तू दिसत नाहीस ते बरंच झालं," मला म्हणाल्या, "नुसता आवाज काय कमी आहे?" पण त्या दिवसापासून त्यांनी सुई हातात धरली नाही. फळीवर एकतीस बाहुल्या बिनचेहऱ्याच्या राहिल्या. झगे घालून, वेण्या घालून, पाय सोडून बसलेल्या.

माझ्या नातीने नोकरी सोडली आणि म्हणाली, मी हे काम पुन्हा सुरू करते. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, हिशेबी माणूस. तो म्हणाला, "शाळा उघडेपर्यंत बघ. नाही जमलं तर खोली दंतवैद्याला भाड्याने देणार. तो दोनदा विचारून गेलाय." त्या खोलीत लोक तोंड वासून बसणार, या कल्पनेनेच मला जेवण जाईना.

नातीने इंटरनेटवर हातकाम करणाऱ्यांचा एक ग्रुप शोधला. कोणी सुतार, कोणी चित्रकार, कोणी खोकी बनवणारी. तिथे तिने फळीचा फोटो टाकला आणि लिहिलं, चेहरे करणारा साथीदार हवा आहे.

"नुसत्या फोटोने काय कळणार?" मी म्हटलं. "ही कोण आहे ते सांगायला नको?"

"आजी, रेकॉर्ड करते, पण दोन मिनिटांत सांग हं."

मी तळ्याची गोष्ट एकोणीस मिनिटं सांगितली. पोरीने कपाळाला हात लावला, पण लावली ती पोस्टबरोबर.

जाऊबाई बाजूच्या खुर्चीत होत्या. रेकॉर्डिंग संपल्यावर म्हणाल्या, "मी जिवंत असताना माझ्या जागेवर माणूस बसवतेस?"

"तुमच्या जागेवर कोण बसेल? खुर्चीचा पाय मोडलाय."

त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. खोली वाचवायची तर नवा हात हवा होता, आणि त्यांच्या होकाराशिवाय कुठलाही हात मला चालणार नव्हता. हे नातीलाही मी स्पष्ट सांगून टाकलं.

आठ दिवसांत बासष्ट चेहरे आले. सगळे गोड. सगळ्यांचे डोळे मोठे, ओठ टिचभर, गाल गुलाबी. बासष्ट बहिणी जणू! त्यातली एकही तळ्याच्या वाटेला गेली नसती.

एका माणसाने मात्र चित्रच पाठवलं नव्हतं. त्याने विचारलं होतं, "मासे चपटे झाल्यावर बाई काय म्हणाली?"

मी तिथल्या तिथे फोन लावायला सांगितला. तो कृत्रिम डोळे करणारा निघाला. अपघातात कोणाचा डोळा गेला की दुसऱ्या डोळ्याशी जुळेल असा हुबेहूब करून देतो. म्हणाला, "समोर माणूस बसतं, मी त्याला बोलतं ठेवतो. गप्प माणसाचा डोळा करता येत नाही, आजी. तो मेल्यासारखा होतो."

"मग तुम्हाला माझ्यासारखं माणूस परवडेल," मी म्हटलं.

"तुम्ही बोलत राहिलात तर मी दोन्ही डोळे करून देईन!"

आम्ही त्याला दोन बाहुल्या पाठवल्या, एक करून बघायला आणि एक जास्तीची. पहिली परत आली तेव्हा नातीच्या डोळ्यांत पाणीच आलं. काय रंगवली होती! भुवई, बुबुळ, नाकाच्या शेंड्यावर घाम. मी ती जाऊबाईंच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी बोटं फिरवली. एकदा, मग उलट्या बाजूने.

"कुठाय?"

"काय कुठाय?"

"चेहरा. ही तर उशी आहे."

रंगाला बोट लागतंय कुठे! आम्हा दोघींना एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी ती रंगवलेली बाहुली गुपचूप फळीवर नेऊन ठेवली.

नातीने डोळेवाल्याला खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "कृत्रिम डोळ्यात लाल शिरा असतात ना, त्या मी रेशमाच्या धाग्याने करतो. धागा केसासारखा उकलून. दोरा येतो मला. पण दोऱ्याने चेहरा कसा करतात, ते कोणीतरी सांगायला हवं."

नातीने फोन जाऊबाईंसमोर धरला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला. शाळा उघडायला सहा दिवस राहिले होते.

मग मी खोडी काढली. खुर्ची ओढली आणि फोनवर मोठ्याने म्हटलं, "अहो, त्यात काय अवघड आहे? मी सांगते. डावी भुवई खाली ओढा. ओठ हसरे ठेवा. बाई कशी, अगदी गरीब गाय."

"उजवी!" मागून आवाज आला.

"उजवी काय?"

"उजवी भुवई! आणि वर! गरीब गाय म्हणे. तळ्यावर इस्त्री घेऊन जाणारी बाई ती. दे तो फोन इकडे."

मी दिला. पण लगेच नाही, जरा भाव खाल्ला.

त्यानंतर रोज दुपारी तिघांची बैठक व्हायची. मी थाप सांगायचे, जाऊबाई टाके सांगायच्या, तो तिकडे भरायचा. "भुवईला दोन पदर दोरा, पापणीला एक. हनुवटीला आतून टाका घेऊन खळी ओढ. घाई करतोयस, ऐकू येतंय मला." शिवणं कसं ऐकू येतं विचाराल, तर मलाही माहीत नाही, पण तो पलीकडून "चुकलो" म्हणायचा.

नात या बैठकांचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकायची, आणि तिथली एक पुस्तकांच्या दुकानवाली ही सगळी गंमत ऐकत होती. तिने चाळीस बाहुल्या मागितल्या, प्रत्येकीबरोबर माझ्या आवाजातली तिची गोष्ट. पहिली नमुन्याला हवी, मग बाकीच्या. माझा मुलगा मागणीचं पत्र दोनदा वाचून म्हणाला, "दंतवैद्याला काय सांगू?"

"थांब म्हणावं. आधी थोरल्या काकूंना पसंत पडू दे."

शाळा उघडण्याच्या आदल्या सकाळी दुसरं पार्सल आलं. जाऊबाईंनी पदराने हात पुसले. बोटं कपाळावरून उतरली, उजव्या भुवईपाशी थांबली, चढली. पापण्या. नाक. खळीत अंगठा बसला तेव्हा त्या काहीतरी पुटपुटल्या. आम्ही तिघं उभे. मग बोट ओठांवर गेलं.

"कात्री दे."

"अहो, असं काय करता?"

"कात्री!"

त्यांनी नखाने टाका शोधला आणि ओठ उसवून टाकले. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. नात भिंतीला टेकली.

"फोन लाव त्याला," जाऊबाई म्हणाल्या. "ओठ सैल केलेत. पाण्यावर इस्त्री फिरवताना बाई श्वास धरणार की नाही? मिटलेले हवेत, घट्ट. एवढंच उसवलंय मी, बाकीच्याला हात लावायचा नाही म्हणावं. आणि उरलेल्या एकोणतीस बाहुल्याही याच पार्सलात बांधा, एकेक कुठे पाठवत बसता."

मुलगा गुपचूप दोरी आणायला गेला.