मिठागरातले पाय आणि माझा शेक

मित्रांनो, मी एक जुनं डायथर्मीचं यंत्र आहे. डोंबिवलीत मला सगळे ‘शेकाची मशीन’ म्हणतात. सध्या नीरजा मॅडमच्या फिजिओथेरपी दवाखान्यात, कोपऱ्यात, विटक्या चादरीखाली उभा आहे. माझी गोष्ट गोड नाही. ऐकवत नसेल त्याने आत्ताच उठावं.

अंबरनाथच्या एका शेडमध्ये माझी जुळणी झाली. पोटात तारांची वेटोळी, दोन बाजूंना रबरी गाद्या आणि समोर एक गोल बटण. माझ्या गाद्यांमधून विजेच्या लहरी जातात आणि दुखऱ्या भागात अगदी खोलवर ऊब तयार होते. वरून काही दिसत नाही. आत किती तापलंय हे मलाही कळत नाही! ते पेशंटनेच सांगायचं असतं. म्हणून शेकाआधी पेशंटला डोळे मिटायला सांगून गरम आणि गार पाण्याच्या नळ्या कातडीला लावून बघायच्या, असा नियम आहे.

सुरुवातीला काय थाट होता माझा! कल्याणहून, ठाण्याहून लोक यायचे. जोशी बाई तर जाताना माझ्या डोक्यावर थोपटायच्या. मी फुशारून जायचो.

मग आवडाबाई आली. खाडीकाठच्या गावातली आगरी म्हातारी, तरुणपणी मिठागरात राबलेली. आता घोटा सुजलेला आणि अंगात वर्षानुवर्षांची साखर. नातू हितेश तिला घेऊन आला होता. महिन्याने त्याचीच हळद होती.

“हितेशचे हलदीन मना नाचाचा हाय,” ती नीरजाला म्हणाली. “मंग पाय मोरला तरी चालंल.”

नीरजाने नळ्या लावल्या. गरम नळीला म्हातारी म्हणाली, “गार.” गार नळीलाही म्हणाली, “गार.”

तिथेच मला बंद ठेवायला हवं होतं. साखरेने पायाची जाणीव मारून टाकली होती, आणि हे नीरजाला कळत होतं. पण हितेश हसायला लागला.

“मॅडम, मिठागरातले पाय आहेत हे! आजी निखाऱ्यावर चालेल. गावात सगळे सांगतात.”

म्हातारीची मान ताठ झाली. उभ्या गावाने त्या पायांचं कौतुक केलेलं, मग ती कशाला नाही म्हणेल? बाहेर पेशंट ताटकळत होते. नीरजाही हसली आणि तिने माझं बटण फिरवलं.

“गरम लागतंय का आजी?”

“नाय गो. वारव अजून.”

नीरजाने वाढवलं. म्हातारी पुन्हा म्हणाली, वारव. अहो, मी जीव तोडून घुमत होतो, पण माझ्या घुमण्याला कोण विचारतो? तिच्या पायाच्या आत मांस शिजत होतं आणि ती हळदीची गाणी गुणगुणत होती.

दोन दिवसांनी ती पुन्हा शेकाला आली तेव्हा सून कल्पिताने, हितेशच्या आईने, तिचा मोजा काढला. घोट्याखाली काळपट फोड. नीरजाचा चेहरा उतरला. आता तरी खरं बोलेल, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, “नवी चप्पल चावली असेल. मलम लावा.”

काय हे! त्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर सर्जनकडे नेलं असतं, पाय वाचला असता. घरचे मात्र मलम लावत बसले. जखम आत सडत गेली, आणि दुखत नाही म्हणून म्हातारी त्याच पायावर नाचाचा सराव करत राहिली. हळदीच्या आठवड्यात तिचा पाय गुडघ्याखाली कापला. हळद तिने हॉस्पिटलच्या खाटेवरून, मोबाईलवर बघितली.

पुढे वॉकरने चालायला शिकायला कल्पिता आणि हितेशने तिला पुन्हा इथेच आणलं. तोवर भाजल्याचं उघडं पडलं होतं, आणि नीरजाने घरच्यांना सांगून टाकलं होतं की मशीनच बिघडलेली होती. त्या दिवसापासून माझ्यावर चादर पडली.

“गो बाय, बोटा जळतान माझी,” आवडाबाई कण्हत होती. “पाय नाय, तरी जळतय. शेक दे ना थोरा.”

कापलेला पायही असा दुखल्याचा भास होतो, असं नीरजाने खूप समजावलं. म्हातारी ऐकेना. तिने स्वतःच चादर ओढली, माझी गादी उचलली आणि पाय जिथे असायला हवा होता तिथे, रिकाम्या पलंगावर ठेवली. तिची समजूत काढायला नीरजाने मला चालू केलं. गोल बटण शून्यावर होतं. मी नुसता घुमलो.

“भाजला गो! बंद कर! भाजला!” ती किंचाळली. कल्पिता रडायला लागली. हितेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नीरजाने प्लग ओढून काढला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण ज्याला चटका कळत नाही त्याचं कौतुक करू नका, त्याला माझ्यापासून लांब न्या. आणि चूक झाली तर त्याच घडीला बोला. मला तोंड नव्हतं. नीरजाला होतं.