‘मालिकांची हजामत’ला पाठवलेली कार्डं

माझ्या मुलाचं, योगीराजचं, लग्न झालं ते २०१७ साल. त्याच वर्षी घरात मोठा टीव्ही आला आणि आम्हा नवराबायकोला दर रविवारी संध्याकाळी ‘मालिकांची हजामत’ बघायची सवय लागली. निवेदक खांद्यावर टॉवेल टाकून न्हाव्याच्या खुर्चीशेजारी उभा राहायचा आणि आठवडाभराच्या मालिकांची खिल्ली उडवायचा. शेवटी प्रेक्षकांची पत्रं वाचायचा. अट एकच, पोस्टकार्डच हवं.

माझे मालक, कल्लाप्पा मगदूम, निपाणीकडचे. तीस वर्षं बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, उभे होते. शाळा त्यांना नव्हती. मलाही नव्हती, पण साठीला आल्यावर मराठी मंडळाच्या वर्गात वासंतीबाईंनी मला अक्षरं शिकवली. म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायची.

"एकदा तरी त्यानं माझं नाव घ्यावं बघ," ते म्हणायचे. "निपाणीत आमचा नागनाथ दर रविवारी हेच बघतोय. ऐकू दे की त्याला, थोरला भाऊ टीव्हीत आला म्हणून."

शेजारची शाल्मली पुण्याची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. ती हसायची. "आजोबा, मी त्यांच्या पेजवर कमेंट टाकते ना, दोन मिनिटांचं काम."

"नको अक्का. तो कार्डच वाचतोय. स्वल्प धीर धर."

दीड वर्ष धीर धरला. दर सोमवारी मी कार्ड पेटीत टाकून यायची आणि दर रविवारी पत्रं सुरू झाली की हे पंखा बंद करायचे, नाव ऐकू यावं म्हणून. घामाघूम होऊन आम्ही दुसऱ्यांची नावं ऐकायचो.

आणि एका रविवारी निवेदक म्हणाला, "बेंगळुरूहून लिहितात, सासूबाई दोन महिने बेशुद्ध आहेत, पण साडी रोज नवी. आमच्या कारखान्यात शुद्धीवर असलेल्या माणसांनाही वर्षाला दोनच गणवेश मिळायचे."

स्टुडिओत समोर बसलेली माणसं खो खो हसली. हे खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"वा! सौ. महानंदा मगदूम, वा!" निवेदक म्हणाला.

फोन लगेच वाजला. नागनाथभाऊजी ओरडत होते, "वहिनी, नाव आलं की तुमचं! अण्णा हाय का शेजारी?"

अण्णा शेजारीच होते. माझ्याकडे बघत.

"माझं नाव कुठं गेलं गं?"

वासंतीबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, अंगठ्याचे दिवस गेले, जे लिहाल त्याखाली आपलं नाव घाला. मी लिहिलं, मी माझं घातलं. दुसऱ्याचं नाव घालणं म्हणजे खोटी सही, असं मला वाटायचं.

"सगळ्याच कार्डांवर?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याच."

ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं आत आले आणि माझी पाटी मांडीवर घेऊन बसले. "शिकीव. नावापुरतं."

‘क’ एका दिवसात आला. ‘ल्ला’ला तीन आठवडे लागले. लेथवर ज्या हातानं केसाएवढा फरक ओळखला तो पेन्सिल धरली की भलतीकडेच जायचा. "लोखंड बरं," म्हणायचे. तीन कार्डं बिघडली, चौथं जमलं. वरचा मजकूर माझ्या अक्षरात, खाली नाव त्यांच्या हातचं. पेटीतही त्यांनीच टाकलं, आणि आत पडल्याचा आवाज ऐकून मगच वळले.

पुढच्याच रविवारी कळलं, कार्यक्रम बंद होतोय. शेवटच्या भागात निवेदकानं एकही पत्र वाचलं नाही. आलेली सगळी कार्डं त्यानं न्हाव्याच्या खुर्चीत ओतली, मोठा ढीग झाला, आणि त्या ढिगाला नमस्कार केला. पंखा बंदच होता.

"ते वरचं माझं," हे म्हणाले.

"इतक्या लांबून कसं कळलं?"

"‘ल्ला’ वाकडा हाय बघ."

मला तर चष्मा लावूनही सगळी कार्डं सारखीच दिसत होती. "हो की," मी म्हणाले, "तुमचंच."

त्यांनी आपणहून निपाणीला फोन लावला. "नागनाथ, कार्ड दिसलं का न्हाई माझं? सगळ्यात वर होतं."

ती पाटी अजून टीव्हीखाली आहे. कल्लाप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी, रविवारी सकाळी वारले.