पाहुणे आले की कडी

मुलाकडचे दुपारी येणार म्हणून आईचा सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. धाकटीचं लग्न ठरल्यातच जमा होतं, आजच्या चहावर फक्त होकार यायचा होता. थोरली रजा काढून आली होती. युद्धात अत्याचार सोसलेल्या बायकांच्या साक्षी नोंदवायच्या आणि गुन्हेगारांना आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे उभं करायचं, हे तिचं काम. घरात ती नुसती 'वकीलबाई', आणि आज तिच्याकडे कपबशा पुसायचं खातं होतं.

"आत्याच्या खोलीला कडी लावलीस ना?" आईने आतून विचारलं.

"लावली," ती म्हणाली, आणि हातातली बशी तशीच राहिली. जाता जाता, दिवा मालवावा तशी, तिने खरंच कडी लावली होती.

युद्धात सैनिकांनी आत्याला छावणीत नेलं होतं. ती परतली, पण परतलेल्या बाईला कोणी चारचौघांत बसवत नसे. पाहुणे आले की कडी. गल्लीतल्या आणखी दोन घरांत हेच चालायचं आणि सगळे त्याला अब्रू म्हणायचे. नेणारे मात्र उजळ माथ्याने हिंडत होते.

साक्ष घेताना वकीलबाई दार उघडं ठेवायची, बाईची खुर्ची दाराकडे तोंड करून मांडायची. कधीही उठून जाता यावं म्हणून. कडीचा आवाज या बायकांना झोपेतही ऐकू येतो, असं ती नव्या वकिलांना सांगायची. आता तो तिलाच ऐकू येऊ लागला. लहानपणापासूनचा, याच घरातला.

चहा झाला. मुलाच्या आईने विचारलं, "घरात अजून कोण असतं?"

"आम्ही एवढेच," आई म्हणाली.

वकीलबाई उठली. धाकटीने तिचा हात धरला. "ताई, आज नको गं." वकीलबाईने आपला हात हळूच सोडवला आणि जाऊन कडी काढली.

आत्या केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून पलंगाच्या कडेला बसली होती.

"आत्या, बाहेर येतेस? नको असेल तर नको."

"धाकटीचं मोडेल."

"मोडेलही कदाचित."

आत्याने हातातली फणी उशाशी ठेवली. "पाहुणे आले की मी दर वेळी तयार होऊन बसते," ती म्हणाली. "न जाणो, कोणी हाक मारली तर."

दोघी बाहेर आल्या तशी बोलणी थांबली. "ही आमची आत्या. छावणीतून परत आलेली," वकीलबाईने सांगितलं. मुलाच्या आईने कप खाली ठेवला. आई जमिनीकडे बघत राहिली. मग धाकटी उठली आणि तिने आपली खुर्ची रिकामी केली.

आत्या लगेच बसली नाही. तिने खुर्ची ओढून तिचं तोंड दाराकडे केलं, आणि मगच टेकली. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.